भीतीची आणेवारी

बाईंच्या खोलीत दोन शब्दांना बंदी होती. ‘घाबरू नको.’ एरवी तिथे काहीही बोला, रडा, आदळआपट करा, बाईंची हरकत नसे. पण हे दोन शब्द ज्याच्या तोंडून निघाले त्याला चपला घालून बाहेर जावं लागे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझे यजमान सोबत होते. बायकोला धीर द्यावा म्हणून बिचारे हळूच पुटपुटले, “घाबरू नको गं.” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि दाराकडे बोट केलं.

“तुमी बाहीर बसा. तिले घाबराचं असन तं घाबरू द्या. त्यासाठीच आली थे.”

यजमान शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसले आणि तासाभराने पांढऱ्या भुवया घेऊन माझ्यासोबत घरी आले. ‘ही बाई विक्षिप्त आहे,’ असं त्यांनी जाहीर केलं. ते खरंच होतं. मला आजवर भेटलेल्या शहाण्या माणसांपैकी निम्मी तरी विक्षिप्तच निघाली आहेत, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

बाई मूळच्या अकोल्याच्या, फुलं पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या माळ्याच्या घरातल्या. अमरावतीच्या एका कॉलेजात त्यांनी मानसशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या भीत्या घालवायचं काम हाती घेतलं. सुती पातळ, पायात पांढरे स्पोर्ट शूज, खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलं नव्हतं. इतकी वर्षं इंग्रजी पुस्तकं शिकवली, पण बोलणं शेवटपर्यंत अस्सल वऱ्हाडी. आमच्या घरी याच्या उलट. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यामुळे ‘मले’ म्हटलं की जेवण थांबायचं. भीती वाटली की माझी ही शुद्ध भाषा सगळ्यात आधी पळून जाई. बाईंना त्याची फार गंमत वाटायची.

त्यांच्या खोलीतलं कपाट उघडलं की नवख्या माणसाची बोबडी वळावी. रबरी पाली, बाटलीत मेलेली झुरळं, सापाची कात, फुगे, इंजेक्शनच्या सुया, कुत्र्याचा गळपट्टा. ज्याला ज्याची भीती, त्याला त्याच्या जवळ नेणं, एवढाच बाईंचा उपचार. पण एकदम नाही. आधी नुसतं नाव घ्यायचं, मग चित्र पाहायचं, मग वस्तू खोलीच्या पलीकडच्या टोकाला, मग जवळ, मग हातात. याला त्या शिडी म्हणत. शिडीच्या पायऱ्या ज्याच्या त्याने ठरवायच्या. बाई कुणाला ढकलत नसत आणि फसवत तर मुळीच नसत. मात्र एकदा पायरीवर पाय ठेवला की भीती जोरात असताना उतरायचं नाही, हा नियम होता. ती आपल्या आपण अर्ध्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं.

“भेव वर असताना तू पयालीस, का त्याले वाटते आपलं बरोबर होतं,” त्या म्हणायच्या. “येऊ दे त्याले. बसू दे. फक्त चहा नोको विचारू. मंग थे बी कंटायते आन जाते.”

आणि भीती मोजायची ती आण्यांत. पीक किती आलं हे आपल्याकडे आणेवारीवर ठरतं, आता त्याला पैसेवारी म्हणतात. बाईंनी तीच जुनी आणेवारी भीतीला लावली होती. सोळा आणे म्हणजे आता जीवच जातो. शून्य म्हणजे काहीच नाही, पण शून्य सांगणाऱ्यावर बाई विश्वास ठेवत नसत. बसल्या बसल्या मध्येच विचारत, “किती?” आपण आकडा सांगायचा, त्या मान हलवायच्या आणि भाजलेले शेंगदाणे सोलायला लागायच्या.

माझी भीती घाटाची. परतवाड्यापर्यंत मी हसतखेळत जाई. रस्ता वर चढायला लागून एका बाजूला दरी दिसू लागली की घसा आवळला जाई, छातीत धडधडे आणि गाडीचं दार उघडून उडी मारावीशी वाटे. कॉलेजच्या सहलीत एकदा मी अशीच घाटाच्या तोंडाशी उतरले होते. तेव्हापासून आमचं कुटुंब सुट्टीत सपाट जागी जायचं. कौंडण्यपूरच्या तीर्थाला नदीकाठी किती वेळा डबा खाल्ला असेल, याला गणती नाही. लोकांना वाटे, आम्ही फार भाविक.

इतकी वर्षं ते निभावलं. मग बदलीची ऑर्डर आली. मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका. नवी शाळा मेळघाटात, घाटाच्या वर. जूनमध्ये हजर व्हायचं नाहीतर नोकरी सोडायची. अर्ज-विनंत्या करून झाल्या. सासूबाई म्हणाल्या, सोडून दे. यजमानही म्हणाले, सोडून दे, आपलं भागेल. आणि मला ते ऐकून इतका राग आला की त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. मला शिकवायला आवडायचं. मुलं पहिल्यांदा स्वतःहून एखादा शब्द वाचतात, तेव्हा त्यांचं तोंड जसं होतं, ते पाहिल्याशिवाय मला राहवणार नव्हतं. म्हणून मी बाईंकडे गेले.

ही भीती कुठून आली असेल, लहानपणी काही झालं का, याचा मी बराच विचार करून गेले होते. बाईंनी मला मध्येच थांबवलं.

“विंचू कोन्या बिळातून आला थे मंग पाहू. आदी अंगावरून तं झटक.”

माझी शिडी मालटेकडीपासून सुरू झाली. अमरावतीच्या मधोमध असलेली ही टेकडी एवढीशी, की तिथे पोरं सायकली पळवतात. मी तिच्या काठाशी उभी राहून “बारा आणे” म्हटलं, तेव्हा शेजारचे एक फिरायला आलेले आजोबा दचकले. बाई मात्र हसल्या नाहीत. दगडावर बसून शेंगदाणे सोलत राहिल्या. बारा, अकरा, पुन्हा बारा, नऊ, सहा. मी काहीही केलं नाही, कुणी काही समजावलं नाही, आणि तरी ते उतरलं. घरी येताना मी एकटीच हसत होते.

त्याच दिवसांत त्या मला एकदा अकोल्याला घेऊन गेल्या. तिथल्या कापसाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे नवी सून आली होती, आणि तिला कापसाची भीती होती. खोटं वाटेल, पण अशी भीती असते. कापूस ओढला जाताना जो बारीक चरचर आवाज होतो, त्याने तिचे दात शिवशिवत, अंगावर काटा येई, ती खोली सोडून पळे. कापसाच्या घरात ही तऱ्हा. तिची परवानगी विचारून बाईंनी मला सोबत नेलं होतं. “दुसऱ्याची शिडी पाह्यली का आपली समजते,” असं त्यांचं म्हणणं.

मला वाटलं, सासू छळत असेल. उलटंच होतं. सासू म्हणजे साखरेचा पाक. त्यांनी गाद्यांना प्लॅस्टिकची कव्हरं शिवली होती. रजया काढून ब्लँकेटं आणली होती. औषधाच्या बाटलीतला बोळासुद्धा आधी काढून फेकत. सून उठायच्या आत देवाजवळ दिवा लावत आणि वातींचा डबा कपाटात कुलपात ठेवत. हे सगळं त्यांनी बाईंना मोठ्या अभिमानाने दाखवलं. सून मान खाली घालून उभी होती.

बाईंनी सगळं पाहिलं, चहा घेतला आणि म्हणाल्या, “तुमी लय चांगल्या सासू हा.”

सासूबाई लाजल्या.

“आता थोड्या कमी चांगल्या व्हा. तुमी कापूस कुलपात ठेवता, म्हून तिले वाटते का त्याच्यात खरंच काई हाये. ज्या दिवसापासून तुमी लपवाले लागल्या, त्या दिवसापासून तिचं भेव वाढलं का नाई? विचारा तिले.”

सुनेने मान वर केली आणि हळूच ‘हो’ म्हटलं. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, “मी तं तिच्यासाठीच करून राह्यली होती वं बाई.” बाईंनी त्यांचा हात थोपटला, पण शब्द मागे घेतला नाही. त्याच दुपारी दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला ताटलीत एक बोंड ठेवून शिडी सुरू झाली. दिवाळीला त्या सुनेने स्वतः वळलेल्या वातींची पुडी बाईंना पाठवली. “वाकड्या हायेत, पन पेटतात,” बाई म्हणाल्या आणि ती पुडी त्यांनी कपाटात पालींच्या शेजारी ठेवली.

माझी शिडी उन्हाळाभर चालली. परतवाड्याहून वर जाणाऱ्या काळीपिवळीत बसायचं. या सामायिक जीपगाड्या सीट भरल्याशिवाय निघत नाहीत, त्यामुळे घाबरायला भरपूर वेळ मिळे. आधी पहिल्या वळणापर्यंत, मग पुढच्या, मग पार वर. बाई शेजारी. “किती?” “पंधरा.” “अरे वा, बहार आली यंदा.” शेंगदाण्याची टरफलं त्या पातळाच्या ओच्यात गोळा करत. जून आला तेव्हा मी शाळेत हजर झाले. घरी पेढे वाटले. यजमानांनी बाईंना फोन करून माफी मागितली.

आणि तिथेच आम्हा दोघींचं थोडं चुकलं.

पहिल्या सोमवारी बाई सोबत आल्या, ते ठीकच होतं. आठवडाभर मी वरच राहायची; शनिवारी दुपारी शाळा सुटली तर बाई शाळेच्या फाटकाशी उभ्या, मला खाली न्यायला. पुढच्या सोमवारी पुन्हा आल्या. शनिवारी पुन्हा. माझी लेक तेव्हा सातवीत होती. तिला शाळेत पोचवायला कुणी लागत नव्हतं, तिच्या आईला मात्र लागत होतं. लेक चिडवायची, मी हसण्यावारी न्यायची. खरं तर मला ते दिवस फार आवडायचे. परतवाड्याच्या स्टँडवर आम्ही चहा घेत असू. बाई कॉलेजातल्या गमती सांगत, पाहिलेल्या झाडांची नावं सांगत. चहावाला आम्हाला मायलेकी समजे. आम्ही दोघींनीही त्याची चूक कधी सुधारली नाही. माझी आणेवारी दोनवर आली होती. बाई खूश होत्या. मीही.

एका सोमवारी गाडी भयंकर भरली. बाजाराच्या टोपल्या, कोंबड्या, लेकरं. बाईंची कापडी पिशवी अडचण करत होती, म्हणून ड्रायव्हरने ती घेतली आणि टपावर टाकली. गाडी घाटाला लागली आणि माझा घसा आवळला. मला काही कळेना. बाई तर शेजारीच होत्या, तोच रस्ता, तीच वळणं.

“किती?” बाईंनी सवयीने विचारलं.

“चौदा. बाई, मले उतराचं हाये.”

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्या उजव्या हाताकडे. तो हात दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेत काहीतरी शोधत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पहिल्या दिवसापासून मी त्या पिशवीचा पट्टा धरून बसत होते.

“म्हंजे भेव गेलंच नाई,” बाई हळू म्हणाल्या. “थे माह्या पिशवीत जाऊन बसलं होतं.”

त्या दिवशी त्या वरपर्यंत आल्या, पण बोलल्या नाहीत. शेंगदाणेही काढले नाहीत. मला वाटलं माझ्यावर रागावल्या. शाळेच्या फाटकाशी मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, “तुह्यावर कायचा राग? मले थ्या अकोल्याच्या सासूबाईची आठवन येऊन राह्यली.” आणि वळून गेल्या. शनिवारी मी खाली उतरले ती त्यांचा दंड घट्ट धरून आणि डोळे मिटून.

पुढच्या सोमवारी परतवाड्याला चहा झाला. मी गाडीत बसले. दरीच्या बाजूची जागा मिळाली होती. बाई बसल्या नाहीत. दाराशी उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

“आज मी नाई येत. याच्यापुढं बी नाई. ‘एकटी’ ही पायरी तुह्या शिडीवर पाह्यजे होती, थे राह्यली. तुही नाई, माही चूक. मले बी सवय झाली होती सोमवारची.”

मी ओरडलेच, “आदी सांगाचं होतं न बाई!”

“आदी सांगतलं असतं तं तू हप्ताभर शिजली असती. आता आयक. उतराचं असन तं आत्ता उतर, मी तुले काईच म्हननार नाई, आपन परत मालटेकडीपासून लागू. पन एकदा गाडी निंगाली का मधात उतराचं नाई.”

मी उतरायला उठले होते. खरंच उठले होते. शेजारची म्हातारी तिची टोपली सावरत मला वाट करून देत होती. तेवढ्यात मला माझा वर्ग आठवला. बाकांवरची ती पोरं, सोमवारी पहिल्या तासाला दाराकडे बघत बसणारी. मी बसले. बाईंना काही म्हटलं नाही. फार राग आला होता. गाडी निघाली. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

पहिल्याच वळणाला सोळा आणे झाले. घाम, धडधड, कानात घूं घूं. माझी बोटं पट्टा शोधायला लागली, तेव्हा मी दोन्ही हात उलटे करून गुडघ्यांवर ठेवले, काहीही धरता येऊ नये म्हणून. म्हातारीने विचारलं, “उलटी होते का?” मी म्हटलं, “नाई माय, मले भेव लागते.” ती ‘घाबरू नको’ म्हणेल असं वाटलं. पण ती “हो, दरी लय खोल हाये,” एवढंच म्हणाली आणि टोपलीतलं वांगं वांग्यावर नीट रचत बसली. मी डोळे उघडे ठेवून त्या दरीकडे पाहत राहिले. मोठ्या वळणावर तर ‘थांबवा’ हा शब्द जिभेवर आला होता. मग गाडी पुढे गेली, अजून पुढे गेली, आणि मी मनात विचारलं, किती? बारा होते. कुणीही काहीही केलं नव्हतं.

शाळेच्या मागे एका उंचवट्यावर मोबाइलला रेंज येई. मधल्या सुट्टीत तिथे जाऊन मी फोन लावला.

“बाई, मी.”

“किती?”

“पाच.”

“बरं,” म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्यानंतर बाई खरंच आल्या नाहीत. मी त्यांच्याकडे गेले तर पाणी विचारत, दोन मिनिटं बोलत आणि म्हणत, “जा आता, मले दुसरे लोकं हायेत.” मला ते लागलं, लपवत नाही. त्यांनी बरं केलं हे पटत होतं, पण रुसवा मनातून गेला नाही. मी त्या घाटातून एकटी येत-जात राहिले. पुढे दरीच्या बाजूची जागा मिळावी म्हणून गाडीत आधी चढायला लागले. काही वर्षांनी बदली होऊन खाली आले, आणि बाई अमरावतीतली खोली सोडून अकोल्याला पुतण्याकडे राहायला गेल्याचं कानावर आलं.

गेल्या वर्षी त्या पुतण्याचाच फोन आला. फुलांचं दुकान चालवतो तो. म्हणाला, आत्याचं काही खरं नाही, दवाखान्यातून घरी आणलं आहे, तुमची आठवण काढून राहिली.

भर दुपारी पोचले. अकोल्याचं ऊन नुसती आग ओकत होतं. घरात झेंडूच्या माळांचा ढीग पडलेला, आणि आतल्या खोलीत कूलरसमोर बाई. अंगात काही उरलं नव्हतं. खाटेखाली ते पांढरे स्पोर्ट शूज जोडीने ठेवलेले. पुतण्याची बायको उशी सारखी करत म्हणत होती, “काई नाई होत आत्याबाई, घाबरू नका.” बाईंनी क्षीणपणे दाराकडे बोट दाखवलं. मला हसू आलं आणि लगेच रडूही. तिला काही समजलं नाही, ती बाहेर गेली.

मी खाटेशी स्टूल ओढून बसले. मग विचारलं, “बाई, किती?”

त्यांनी बराच वेळ विचार केला. खरा आकडा सांगायचा म्हणून मी काळीपिवळीत करायची तसा.

“पंधरा.”

मी मान हलवली आणि बसून राहिले. धीर द्यायचा नाही, विषय बदलायचा नाही, हात धरायचा नाही. सगळं त्यांनीच शिकवलेलं. माझे दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे होते.

“त्या दिवशी,” बाई थांबत थांबत म्हणाल्या, “तू गेली न काळीपिवळीत, तं माह्ये सोळा झाले होते. घरी गेली नाई मी. तिथंच बाकड्यावर बसली, भेव उतरेपावतर. उठून तुह्या मांगं दुसरी गाडी पकडली असती, तं दर सोमवारी पकडा लागली असती.”

इतक्या वर्षांचा माझा रुसवा त्या वाक्यासरशी कुठे गेला कोण जाणे.

“हात काहून असे ठेवले वं?”

“तुमच्याकडूनच शिकले. काही धरायचं नाही.”

“थे शिडीसाठी, पोट्टे. ज्याले उद्या त्याच वाटनं एकट्यानं परत जा लागते, त्याच्यासाठी.” दम लागला म्हणून थांबल्या. “याची शिडी नाई बनत. म्या लय इचार केला. याची पयली पायरी बी थेच आन शेवटची बी थेच. आता काई धरलं तं कोनाचं काय बिघडते?”

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, मग सोडला. “घाम हाये तुह्या हाताले. पर्स दे तुही.”

मी खांद्यावरची पर्स काढून खाटेवर ठेवली. बाईंनी तिचा पट्टा बोटांभोवती गुंडाळून घेतला, मूठ मिटली आणि डोळेही. कूलर घरघरत होता. बाहेर पुतण्या गिऱ्हाइकाशी भाव करत होता.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, “किती, बाई?”

“उतरून राह्यलं,” त्या म्हणाल्या.

माझी परतीची बस पाचची होती. तिकीट पर्समध्येच होतं. मी काही पर्स मागितली नाही.